वस्ती मंचावर येते तेव्हा

2012 साली अतुल पेठे यांनी गो. पु. देशपांडे यांचं जोतिराव फुल्यांवरचं 'सत्यशोधक' हे नाटक बसवलं, तेव्हा नाट्यवर्तुळातल्या नटांच्या बरोबरीनं त्यात पुणे महापालिकेचे सफाई कामगार उभे राहिले. नाटकाच्या मागे महापालिका कामगारांची युनियन होती. पेठे त्याआधी या कामगारांवर 'कचराकोंडी' हा माहितीपट करून चुकले होते, म्हणजे ओळख जुनी. नाटकाची तालीम म्हणजे संवाद पाठ करणं एवढंच नसतं. ज्यांचं काम पहाटे सुरू होतं, त्यांच्या ड्युटीची वेळ सांभाळून तालमीचं वेळापत्रक आखावं लागतं, आणि जोतिरावांचं म्हणणं आपल्या जिभेवर कसं बसतं, हे नटाला स्वतःच ठरवावं लागतं. शहराला नाट्यगृहातल्या खुर्चीवरून मुकाट्यानं आपल्याच सफाई कामगारांचं ऐकावं लागलं, ही या प्रयोगाची खरी कमाई.

समाजात जाऊन काम करणाऱ्या कलावंतांबद्दल लिहिताना आपल्याकडे 'कलावंत वस्तीत गेला' याचंच कौतुक फार होतं. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे की वस्ती मंचावर आली का, आणि खेळ उठल्यावर मागे कोण उरलं.

महाराष्ट्राला हे नवीन नाही. 1873 मध्ये जोतिराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याच्या कार्यकर्त्यांनी पुढे तमाशाचाच साचा घेऊन जलसे उभे केले, आणि त्याच वाटेनं भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे गावोगाव फिरले. या परंपरेत गणाचा रोख बदलला, गवळणीतली थट्टामस्करी मागे पडली, पण वग राहिला, कारण भांडण मांडायला वगासारखी जागा नाही. 1944 साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि दत्ता गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. गिरणगावातल्या चाळींमध्ये त्यांचे खेळ रंगले, मग संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांनी मैदानं गाजवली. मुंबई सरकारनं त्यांच्या खेळांवर बंदी आणली, यावरून त्यांचा वचक कळतो. 'प्रचारकी' म्हणून या मंडळींना नाकं मुरडणारे समीक्षक तेव्हाही होते. आरोप अगदीच खोटा नव्हता, पण अण्णाभाऊंच्या वगातला विनोद या आरोपाला पुरून उरतो.

स्त्री मुक्ती संघटनेची गोष्ट मला सगळ्यांत बोलकी वाटते. 1975 साली संघटना सुरू झाली, 1983 साली ज्योती म्हापसेकर यांचं 'मुलगी झाली हो' आलं. नेपथ्य जवळजवळ नाही, गाणी तोंडावर बसणारी, आणि काम करणाऱ्या बहुतेक हौशी बायका. गल्लीत, शाळेत, जागा मिळेल तिथे प्रयोग झाले. मुलगी झाल्यावर पडणारी तोंडं, हुंडा, मारहाण हे सगळं उघड्यावर बोललं गेलं, की प्रेक्षकांतली एखादी तरी बाई आपलं गाऱ्हाणं घेऊन येणारच. तिला नुसतं गाणं ऐकवून कसं चालेल? संघटनेनं कौटुंबिक सल्ला केंद्रं चालवली. पुढे 1998 पासून 'परिसर विकास' या उपक्रमातून ती मुंबईत कचरा वेचणाऱ्या बायकांबरोबर काम करू लागली: त्यांना एकत्र आणणं, ओल्या कचऱ्याचं खत करायला शिकवणं, कामाला ओळख मिळवून देणं. नाटक करणाऱ्या संघटनेनं कचऱ्याच्या व्यवस्थेत हात घातला, हा प्रवास एखाद्या महापालिकेला शोभला असता.

कचऱ्यावरून न्यू यॉर्कच्या कलावंत मिअर्ल लॅडरमन युकेलीस आठवतात. 1979-80 मध्ये त्यांनी तिथल्या स्वच्छता खात्यातल्या सुमारे 8,500 कामगारांशी एकेक करून हस्तांदोलन केलं, आभार मानले. कल्पना मोठी सुंदर, पण आभार मानणारी एक आणि आभार घेणारे हजारो, हे गणित मला जरा खटकतं. उलट रिओ दि जानेरोत रंगकर्मी ऑगस्तो बोआल 1993 ते 1996 नगरसेवक होते. प्रेक्षकच मंचावर येऊन प्रसंग बदलतील अशा खेळांतून त्यांनी कायद्यांचे प्रस्ताव घडवले आणि 13 कायदे मंजूर करून घेतले. आपल्याकडे नगरसेवक नाटकाला येतात, बहुधा उद्घाटनाला.

डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आदींनी तिसरीच वाट धरली. 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करून त्यांनी सामाजिक कृतज्ञता निधीसाठी पैसा उभा केला. पूर्णवेळ कार्यकर्त्यांना त्यातून मानधन मिळू लागलं. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्या दौऱ्यामागे होते. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, आणि पेठे यांनी दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांसाठी रिंगणनाट्याची शिबिरं घेतली. रिंगणाला पडदा लागत नाही, दिवे लागत नाहीत. चौकात गोल करून उभं राहायचं आणि सुरुवात करायची. तालुक्याच्या गावात, बाबाबुवांचे भक्त समोर असताना तसं उभं राहायला किती छाती लागते, हे पुण्यामुंबईच्या प्रेक्षकाला कळणं कठीण. शिकलेल्या गटांनी आपापल्या भागात, आपापल्या बोलीत प्रयोग केले, आणि दिग्दर्शक त्या प्रत्येक ठिकाणी हजर नव्हता.