जिवंत प्रवाळ : ऑनलाइन खरेदी-विक्रीआधी

● काय विकतात? मोठ्या प्रवाळाचा कापून चकतीवर चिकटवलेला जिवंत तुकडा, म्हणजे ‘फ्रॅग’. टाकीतच वाढवलेल्या वसाहतीतून असे तुकडे पुन्हा पुन्हा मिळतात आणि समुद्रातली तोड टळते.

● बाजार : इंडोनेशिया मोठा निर्यातदार, अमेरिका सर्वांत मोठी ग्राहक. इंडोनेशियाने २०१८ मध्ये निर्यात थांबवली आणि २०२० मध्ये पुन्हा सुरू केली.

● पाठवणी : खाऱ्या पाण्याची पिशवी, थर्माकोलचा खोका, थंडीत ऊब देणारी पुडी. अमेरिकेत माल रातोरात पोचवतात. अनेक विक्रेते तो जिवंत पोचण्याची हमी देतात. मेलेल्या तुकड्याचा फोटो मात्र ठरलेल्या वेळेतच पाठवावा लागतो.

● फोटो : निळ्या दिव्याखाली अनेक प्रवाळ झळाळतात, पांढऱ्या उजेडात तोच तुकडा फिका दिसतो.

● विष : काही झोअँथिडांमध्ये (प्रवाळांच्या जवळच्या जिवांमध्ये) पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असते. हातमोजे आणि चष्मा घाला. त्यांच्यावर उकळते पाणी कधीही ओतू नका.

● परवाना : सगळे खडक बांधणारे प्रवाळ वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या ‘साइटीस’ कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहेत. परदेशी पाठवायला परवाना लागतो.

● भारतात : खडक बांधणारे प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. त्यांचा व्यापार केल्यास ३ ते ७ वर्षे कैद होऊ शकते. मालवणच्या समुद्रातले प्रवाळही त्यात आले. विक्रीची जाहिरात दिसल्यास वन विभागाला जरूर कळवा.