दाखल्यावरची तारीख

पदव्युत्तर प्रवेशाच्या बातम्या पर्सेंटाइलच्या असतात. कोणाला सीईटीत किती मिळाले, कोणत्या कॉलेजचा कट-ऑफ कुठे थांबला, एवढेच छापून येते. सुविधा केंद्राच्या टेबलावर पर्सेंटाइल कोणी विचारत नाही, तो आधीच संगणकात येऊन बसलेला असतो. तिथे दाखले बघतात आणि प्रत्येक दाखल्यावर सगळ्यात आधी तारीख बघतात. एमबीए-एमसीएच्या प्रवेशांच्या हंगामात मी अशाच एका टेबलावर कागद तपासायला बसतो. समोर येणारी बहुतेक मुले बीए, बीकॉम, बीएस्सी झालेली असतात. बरीचशी आसपासच्या खेड्यांतून पहिल्या एसटीने आलेली असतात.

राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची ही केंद्रीभूत प्रक्रिया, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी बसलेले 'कॅप'. मुलाने ऑनलाइन अर्ज भरायचा, कागद स्कॅन करून चढवायचे आणि तपासणीचा मार्ग निवडायचा. घरबसल्या ई-स्क्रुटिनी करता येते किंवा मूळ कागद घेऊन केंद्रावर येता येते. ज्यांच्या घरात कोणी पदवीपर्यंत गेलेले नाही, ती मुले शक्यतो केंद्रावर येतात, आणि ते बरेच आहे. ई-स्क्रुटिनीत त्रुटी निघाली की अर्ज शेरा मारून परत येतो. तो शेरा तिथल्या तिथे समजावून सांगणारे माणूस पुढ्यात नसते.

पहिला कागद पदवीचा. एमबीएला खुल्या प्रवर्गाला पदवीत किमान ५० टक्के लागतात, राज्यातील मागास प्रवर्गांना आणि दिव्यांगांना ४५. ही पाच टक्क्यांची सवलत महाराष्ट्रातल्याच मागास उमेदवाराला मिळते. परराज्यातला मागास उमेदवार इथे खुल्यात मोजला जातो. गुणपत्रिकेवर टक्क्यांऐवजी सीजीपीए असेल तर विद्यापीठाकडून रूपांतराचा कागद आणावा लागतो. इथवर फारसे कोणी अडकत नाही.

खरी तपासणी सुरू होते ती 'तू कुठला?' या प्रश्नापासून. त्याचे उत्तर नियमात अ, ब, क, ड, इ अशा प्रकारांनी लिहिलेले आहे. स्वतः महाराष्ट्राचा अधिवासी असलेला किंवा इथे जन्मलेला मुलगा पहिल्या प्रकारात येतो. स्वतः त्यात बसत नसेल, पण आई किंवा वडील इथले अधिवासी असतील तर दुसरा. पुढचे दोन केंद्र आणि राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी आहेत. पाचवा प्रकार सीमाभागातल्या मराठी मुलांचा. बेळगाव-निपाणीकडच्या ज्या ८६५ गावांवर महाराष्ट्राने हक्क सांगितला आहे, तिथल्या मुलाला इथे राज्याचाच उमेदवार मानतात. राजकारणात अडकलेला तो प्रश्न प्रवेशाच्या अर्जात तरी मुलाच्या बाजूने सुटलेला आहे, याचे मला समाधान वाटते.

इंदूर किंवा बडोद्याच्या मराठी कुटुंबातली मुले येतात तेव्हा मात्र अवघड होते. घरात मराठी, आडनाव कोकणातले, आजोळ सातारचे. पण जन्म तिकडचा, शिक्षण तिकडचे आणि वडिलांनी इथला अधिवास दाखला कधी काढलेलाच नसतो. भाषेवरून अधिवास ठरत नाही. अशा मुलाला अखिल भारतीय जागांकडे वळवावे लागते.

अधिवास दाखल्याचे पूर्ण नाव वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र. त्यासाठी राज्यात किमान १५ वर्षांचे वास्तव्य दाखवायचे असते. शाळेचे दाखले, शिधापत्रिका, वीजबिल यांवरून ते दाखवता येते. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली या दाखल्याला १५ दिवसांची मुदत ठरलेली आहे. एकदा काढला की तो जन्मभर चालतो. तरीही दरवर्षी कितीतरी मुले त्याच्या जागी तलाठ्याचा किंवा ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला घेऊन येतात. "सर, हापण रहिवासीच आहे ना?" असे विचारतात. हा चालणार नाही, एवढे सांगून भागत नाही. सेतू केंद्रात काय मागायचे ते मी चिठ्ठीवर लिहून देतो. जुलैत सेतूत रांग लागलेली असते, सर्व्हर संथ असतो, आणि १५ दिवसांची मुदत व अर्जाची शेवटची तारीख एकमेकींना ओळखत नाहीत.

यात मुलांचा दोष मला दिसत नाही. पारंपरिक पदवीच्या तीन वर्षांत त्यांना अधिवास कोणी मागितलेला नसतो. जात वैधताही मागितलेली नसते. बारावीनंतर इंजिनिअरिंगला गेलेल्या मुलाने ही सगळी धावपळ अठराव्या वर्षी उरकलेली असते. बीएस्सी करून एमसीएला येणाऱ्याच्या वाट्याला ती एकविसाव्या वर्षी येते, आणि सगळी एकाच महिन्यात येते.

वैधता म्हणजे जात पडताळणी समितीचे प्रमाणपत्र. इथे वास्तव्याचा नियम थेट आजोबा-पणजोबांपर्यंत मागे जातो. अनुसूचित जातीच्या कुटुंबाने १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीने ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांनी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांनी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांना किंवा त्याआधी आपण महाराष्ट्रात राहत होतो हे दाखवायचे असते. मग आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरातला उतारा शोधावा लागतो. कोतवाल बुकाची नक्कल, जन्ममृत्यूच्या नोंदींचा गाव नमुना १४ शोधावा लागतो. नोंद कधी मोडीत सापडते, आणि वाचणारा जाणकार गाठून तिचे लिप्यंतर करून घ्यावे लागते. वडिलांना किंवा सख्ख्या चुलत्यांना वैधता मिळालेली असली तर वाट बरीच सोपी होते. घरातल्या पहिल्या माणसाला मात्र सगळे खणून काढावे लागते.

एका भटक्या जमातीतला मुलगा कागदांची पिशवी घेऊन आला होता. सोबत वडील होते. मी १९६१ पूर्वीच्या पुराव्याचे विचारले. वडील म्हणाले, "साहेब, माझा बाप कधी एका गावात दोन महिने राहिला नाही. शाळेत कोण घालणार त्याला?" कागद अपुरे असतील तर समितीचे दक्षता पथक चौकशी करते, तशी तरतूद आहे, हे मी त्यांना सांगितले. तरी त्या माणसाच्या बोलण्याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. ज्यांना स्थिर गाव मिळाले नाही म्हणून सवलत दिली, त्यांच्याकडेच गावाचा पुरावा मागायचा, ही या नियमातली सगळ्यात मोठी खोट आहे असे माझे ठाम मत आहे. बोगस दाखल्यांना आळा बसलाच पाहिजे. खऱ्या आदिवासींच्या जागा त्यांनी खाल्ल्या आहेत. पण अशा कुटुंबांसाठी पुरावा शोधण्याचे काम शासनाने स्वतःकडे घ्यायला हवे.

त्यानंतर नॉन-क्रिमीलेयर, म्हणजे उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला. ओबीसी, विमुक्त-भटके, विशेष मागास आणि एसईबीसी यांना तो लागतो, अनुसूचित जाती-जमातींना नाही. तो ३१ मार्चपर्यंत वैध असतो आणि प्रवेश असतात जून-जुलैत. म्हणजे पदवीच्या वर्षात शिष्यवृत्तीसाठी काढलेला दाखला बहुधा नेमका प्रवेशाच्या तोंडावर संपतो. पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत चालणारा नवा लागतो. एक मुलगी प्लॅस्टिकच्या आवरणात जपलेला दाखला घेऊन आली. आईवडील शेतमजूर. दाखल्यावर सगळे बरोबर होते, फक्त मुदत संपलेली. ती तारीख दाखवल्यावर ती बराच वेळ बोललीच नाही. तिला म्हटले, "ताई, आजच सेतूत जा, नव्या दाखल्याचा अर्ज कर आणि पावती घेऊन ये." प्रवेशाचे नियम अर्जाची पावती तात्पुरती धरतात, मूळ दाखला त्यांनी दिलेल्या तारखेच्या आत आणला नाही तर उमेदवार खुल्यात जातो. ही एक ओळ माहीत असणे आणि नसणे, यावर कित्येक मुलांचे कॉलेज बदलते.

पैशाचा प्रश्न मुले सगळ्यात शेवटी आणि हळू आवाजात विचारतात. तो पहिला विचारायला हवा. कारण शुल्काची सवलत कॅपमधून मिळालेल्या जागेला असते. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला की ती हातातून जाते. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या मुलाला निम्मे शुल्क मिळते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने याच उत्पन्न मर्यादेत बसणाऱ्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झाले. हा निर्णय मला मनापासून मोलाचा वाटतो. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार योजना आहे, मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६० हजारांपर्यंत. हे सगळे स्वतंत्र अर्ज केल्याशिवाय मिळत नाही. प्रवेश झाला म्हणजे शिष्यवृत्ती लागली, असे समजून अनेकजण थांबतात. बँक खात्याला आधार जोडलेले नसेल तर मंजूर झालेली रक्कमही येत नाही. आणि काही संस्था सवलतीच्या मुलाकडूनही आधी पूर्ण शुल्क मागतात, परतावा सरकारकडून उशिरा येतो हे कारण सांगून. शेतमजुराच्या मुलीने ते वर्षभर कुठून भरायचे? तिने शासन निर्णयाची प्रत पुढे ठेवून लेखी उत्तर मागावे, असे मी सांगतो.

मागे सांगितलेली अधिवासाची अट वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशांत आता राहिलेली नाही. २९ जानेवारी २०२५ ला तन्वी बहल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निवासावर आधारलेले आरक्षण तिथे समानतेच्या हक्काविरुद्ध ठरवले. १९८४ च्या प्रदीप जैन निकालाचाच तो धागा होता. तो निकाल वैद्यकीय जागांपुरता आहे; आमच्या टेबलावर अधिवास लागतोच. ग्रामीण मुलांचा विचार करता तो राहावा असे मला वाटते, मात्र तो दाखला सरकारने शाळेच्या नोंदींवरून स्वतःहून द्यावा. वर्षानुवर्षांच्या हजेरीचे रजिस्टर त्याच सरकारच्या शाळेत पडलेले असते.

तोवर पदवीच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलांना आणि त्यांच्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. या दिवाळीच्या सुट्टीत अधिवासाचा अर्ज करा, आजोबांच्या शाळेत जाऊन उतारा मागा, वैधतेचा अर्ज टाका, खात्याला आधार जोडा. नॉन-क्रिमीलेयर आणि उत्पन्नाचा दाखला मात्र शेवटच्या वर्षाचा एप्रिल उजाडल्यावर काढा, आधी नको. महाविद्यालयांनी पाचव्या सत्रात एक दिवस यासाठी राखून ठेवावा आणि त्या दिवशी सेतूचा माणूस कॉलेजात बोलवावा.