काचेची नळी आणि वीस मिनिटं

कळमनुरी तालुक्यातल्या एका वाचकाचा प्रश्न आला. साप चावला तर उपचार डॉक्टरच करणार. मग भावी डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट यांना एकत्र शिकवण्याचा एवढा आग्रह कशासाठी?

हळद-सोयाबीनच्या हिंगोली जिल्ह्यात ऐन पावसाळ्यात हा प्रश्न वॉर्डातच उभा राहतो. त्याचं उत्तर एका काचेच्या नळीत आहे.

घोणस किंवा फुरसं चावलं की रक्त गोठेनासं होतं. ते ओळखायची चाचणी साधी आहे. शिरेतून दोन मिलीलिटर रक्त घ्यायचं, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत टाकायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग नळी एकदाच तिरकी करायची. रक्त वाहिलं, तर विष अंगात भिनलं आहे. यंत्र लागत नाही, वीज लागत नाही.

तरी ती चुकते. साबणाने धुतलेली नळी वापरली, तर निरोगी माणसाचं रक्तही गोठत नाही. प्लास्टिकच्या नळीतल्या निकालाचाही भरवसा नाही. म्हणजे प्रतिविष द्यायचं की नाही हे ठरतं, त्यात नळ्या मागवणाऱ्या स्टोअरचाही हात असतो. रक्त काढते सिस्टर. घाईत कुणीतरी नळी उचलून बघतो, की वीस मिनिटं वाया. प्रतिविष लिहून देतो डॉक्टर. पण भुकटीची एकेक कुपी विरघळवून ती सलाइनमध्ये घालते सिस्टरच, आणि दहा कुप्या शिल्लक आहेत का हे ठाऊक असतं फार्मासिस्टला. प्रतिविषामुळे अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला, तर ॲड्रेनलिन हाताशी हवं.

चाचणी सहा तासांनी पुन्हा करायची असते. तोवर बहुधा ड्यूटी बदललेली असते! पहिली नळी कुणी, किती वाजता लावली हे पुढच्या पाळीला सांगितलंच नाही, तर दुसरी लावणार कोण?

मण्यारीचं आणखी वेगळं. दंश दुखत नाही, चाचणी ठीक येते आणि पापण्या मात्र जड होऊ लागतात. ते आधी दिसतं उशाशी बसलेल्या नातेवाइकाला किंवा नर्सिंगच्या विद्यार्थिनीला. तिचं म्हणणं ज्युनिअर डॉक्टरने ऐकलं पाहिजे, कारण पुढे श्वास थांबू शकतो.

हे शिकवायचं कुठे? डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट यांच्या परिषदा वेगळ्या, अभ्यासक्रम वेगळे. तंत्रज्ञ आणि इतर सहयोगी व्यावसायिकांसाठी 2021 साली स्वतंत्र कायदा झाला. जागतिक आरोग्य संघटनेने 2010 च्या आराखड्यात म्हटलं, की वेगवेगळ्या व्यवसायांच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकावं. यातलं ‘एकमेकांकडून’ आपल्याकडे सर्वांत दुबळं आहे.

हिंगोलीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय राज्यातल्या इतर नऊ महाविद्यालयांसोबत 9 ऑक्टोबर 2024 रोजी सुरू झालं. एमबीबीएसच्या जागा 100. नव्या ठिकाणी जुन्या सवयी मोडाव्या लागत नाहीत, ही मोठी सोय आहे. इथल्या विद्यार्थ्यांना जिल्ह्यातल्या नर्सिंग आणि फार्मसीच्या मुलांसोबत एका टेबलाशी बसवावं, नळी आणि घड्याळ द्यावं, आणि मध्येच पाळी बदलावी. निकाल कळवण्याचं काम त्या दिवशी नर्सिंगच्या विद्यार्थिनीकडे असावं, आणि भावी डॉक्टरांनी तो वहीत उतरवून घ्यावा.