मीटर बंद पडतो तेव्हा

पावसाळ्यात कोल्हापूरकर सकाळी उठला की आधी राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतो. 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका. ऐन पुरात हा आकडा यायचा थांबला, तर पंचगंगा ओसरली असं इथं कुणी समजणार नाही. अणुऊर्जा केंद्रातल्या मोजमापाबद्दल मात्र आपले समज भलतेच आहेत. कोल्हापूरहून सरळ रेषेत कैगा अणुऊर्जा केंद्र सुमारे 200 किलोमीटरवर आहे आणि जैतापूरच्या नियोजित केंद्राची जागा 100 च्या आसपास. म्हणून हे समज तपासून घ्यायला हवेत.

गैरसमज : एक उपकरण बिघडलं, म्हणजे अणुभट्टी हाताबाहेर गेली.

कैगा किंवा तारापूर 3 आणि 4 इथल्या जड पाण्याच्या भट्ट्यांमध्ये भट्टी बंद करण्याचा निर्णय एका मीटरवर सोडलेला नसतो. एकच गोष्ट तीन स्वतंत्र वाहिन्या मोजतात. त्यांतल्या दोघींनी धोका दाखवला की भट्टी आपोआप बंद होते. एखादी वाहिनी बिघडली, तर 'हिने धोका सांगितलाच आहे' असं धरून यंत्रणा लावून ठेवतात. मग उरलेल्या दोघींपैकी एकीचाही इशारा पुरतो. अशा अवस्थेत किती वेळ चालवायचं, तेही अणुऊर्जा नियामक मंडळानं मंजूर केलेल्या अटींमध्ये लिहिलेलं असतं. मुदतीत दुरुस्ती झाली नाही, तर भट्टी बंद करावी लागते. पण ही सगळी व्यवस्था वाहिनी बिघडल्याचं कुणीतरी वेळेवर नोंदवलं तरच चालते.

गैरसमज : आकडा कमी आहे, म्हणजे धोका कमी आहे.

मला सर्वांत घातक वाटतो तो हाच. 1986 मध्ये चेर्नोबिलला स्फोटानंतर हाताशी असलेल्या मीटरवर ताशी 3.6 रॉन्टजेन दिसत होतं. त्या मीटरची मोजपट्टीच तिथं संपत होती. प्रत्यक्षातला किरणोत्सार त्याच्या हजारो पट होता. बंधाऱ्यावरची पट्टी 45 फुटांवर संपली असती, तर 2019 च्या महापुरात पाणी 55 फुटांवर गेलं तरी आपण 45 च वाचलं असतं.

1979 मध्ये अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडला तर नियंत्रण कक्षातल्या दिव्यानंच फसवलं. झडप बंद झाल्याचं तो सुचवत होता, पण तो फक्त 'बंद हो' हा विजेचा आदेश गेल्याचं सांगत होता. झडप उघडीच राहिली आणि शीतक पाणी वाहून गेलं. 2011 मध्ये फुकुशिमा प्रांतातल्या किरणोत्साराच्या 24 स्थिर मोजणी केंद्रांपैकी 23 भूकंप-त्सुनामीनंतर निकामी झाली. लोकांना बाहेर काढण्याची वेळ आली तेव्हाच आकडे नव्हते.

गैरसमज : छातीवरचा बॅज सगळं पकडतो.

कोल्हापूरच्या एक्स-रे विभागांतले तंत्रज्ञही टीएलडी बॅज लावतात. तो संरक्षण देत नाही आणि वाजतही नाही. किरणोत्साराची किती मात्रा मिळाली, ते नंतर प्रयोगशाळेत वाचलं जातं. शिवाय ट्रिटियम या किरणोत्सारी हायड्रोजनचा बीटा किरण इतका क्षीण असतो की बॅजवर तो उमटत नाही. नोव्हेंबर 2009 मध्ये कैग्यात पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळलं गेलं. 50 हून अधिक कर्मचाऱ्यांच्या पोटात ते गेल्याचं उघड झालं, ते नेहमीच्या लघवी तपासणीतून. ही तपासणी कंटाळा येऊन कुणी टाळली असती तर?

गैरसमज : बिघाड कळवणं म्हणजे केंद्राची बदनामी.

महत्त्वाच्या घटना नियामक मंडळाला कळवणं केंद्रावर बंधनकारक असतं. त्या 0 ते 7 अशा आंतरराष्ट्रीय श्रेणीत मोडतात. भारतीय अणुवीज केंद्रांतली सर्वांत वरची श्रेणी 3, ती 31 मार्च 1993 च्या नरोरा आगीची. बहुतेक घटना 0 च्या असतात. एखाद्या केंद्रानं वर्षभरात एकही बिघाड कळवला नाही, तर मला आधी शंका येईल.

कर्मचाऱ्यानं काय करावं? कोणता मीटर, शेवटचं विश्वासार्ह रीडिंग कधीचं, शिफ्ट कोणती, हे लॉगबुकात लिहावं आणि नियंत्रण कक्षाला व किरणोत्सार सुरक्षेच्या विभागाला तेव्हाच सांगावं. पदाचा गैरवापर करून नोंद दाबली जात असेल, तर 2004 च्या सरकारी ठरावानुसार केंद्रीय दक्षता आयोगाकडे बंद पाकिटात तक्रार करता येते. जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा 2014 मध्ये संमत झाला, पण अंमलात आणला गेला नाही, त्यामुळे आधार याच ठरावाचा. नाव-पत्ता आतल्या पत्रात लिहायचा, कारण निनावी तक्रार घेतली जात नाही. पाकिटावर मात्र तो लिहायचा नाही.