टॉवर नसलेल्या आकाशातलं बोलणं

इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात 25 जुलै 2022 रोजी सेसना 152 जातीचं दोन आसनी प्रशिक्षण विमान कोसळलं. बारामतीहून एकटीच उडालेली शिकाऊ वैमानिक किरकोळ जखमांवर बचावली. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये 19 आणि 22 तारखेला एकाच प्रशिक्षण संस्थेची दोन विमानं बारामती परिसरात पडली आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्या संस्थेचं प्रशिक्षण थांबवलं. अशा वेळी लोक दोनच गोष्टी विचारतात: विमान धड होतं का, आणि चालवणाऱ्याचा हात बसला होता का? दोन्ही प्रश्न रास्तच आहेत. या अपघातांचं खापर रेडिओवर फोडण्याचाही माझा हेतू नाही. पण छोट्या विमानांच्या सुरक्षेत रेडिओवर बोलण्याचं कसब हाताच्या कसबाच्या तोडीचं आहे आणि त्याची चर्चा आपल्याकडे जवळजवळ होतच नाही, याची मला खंत वाटते.

बारामतीच्या बाबतीत हे अधिकच खरं आहे. त्या काळात हा विमानतळ ‘अनियंत्रित’ प्रकारातला होता. म्हणजे टॉवरमध्ये बसून कोणी आधी उतरायचं हे ठरवणारा सरकारी नियंत्रक तिथे नव्हता. हवेतल्या विमानांची माहिती प्रशिक्षण संस्थांचीच माणसं रेडिओवरून देत. अशा ठिकाणी धावपट्टीभोवती घिरट्या घालणारा प्रत्येक जण आपण कुठे आहोत, किती उंचीवर आहोत आणि आता काय करणार आहोत हे ठरावीक शब्दांत सांगतो. बाकीचे ते ऐकून मनात नकाशा मांडतात. ही सारी बोलणी एकाच फ्रिक्वेन्सीवर चालतात. दोघांनी एकदम बटण दाबलं तर तिसऱ्याच्या कानात निव्वळ शीळ घुमते. टेनेरिफच्या धावपट्टीवर 27 मार्च 1977 रोजी दोन जंबो विमानं एकमेकांवर आदळून 583 माणसं गेली, त्यात या शिळेचाही वाटा होता. थांबायला सांगणारा टॉवरचा आवाज आणि ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत’ हा दुसऱ्या विमानाचा निरोप एकाच क्षणी निघाले. ज्याला ते ऐकू जायला हवे होते, त्या वैमानिकापर्यंत दोन्ही धड पोचले नाहीत.

म्हणूनच रेडिओवरच्या थट्टामस्करीचा प्रश्न मला गंभीर वाटतो. वैमानिकांच्या जगात रेडिओवरच्या विनोदांचे किस्से आवडीने सांगितले जातात आणि त्यांची बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नाही: घाबरलेल्या शिकाऊ मुलाला एखाद्या हलक्या वाक्याने धीर येतो. धीर येतो, हे मान्य. पण तो द्यायची जागा कोणती? जावाजवळ 24 जून 1982 च्या रात्री ज्वालामुखीच्या राखेत शिरून ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची चारही इंजिनं बंद पडली. तेव्हा कॅप्टन एरिक मूडींनी प्रवाशांना ‘छोटीशी अडचण आहे’ अशा सुरात ती बातमी दिली. तो मिश्कील शांतपणा जगभर गाजला, पण तो प्रवाशांसाठी होता. रेडिओवर मात्र सरळ शब्दांत संकट सांगूनही जकार्ताच्या नियंत्रकाचा समज झाला की फक्त चौथ्या क्रमांकाचं इंजिन बंद पडलंय. जवळच्या गरुडा कंपनीच्या विमानाने निरोप पुन्हा पोचवला, तेव्हा कुठे उलगडा झाला. सरळ बोलण्याचीही ही गत, तर गमतीच्या बोलण्याचं काय होईल?

यावर अनुभवी प्रशिक्षक एक आक्षेप घेतील: आधी विमान सांभाळा, मग दिशा पाहा, बोलणं सगळ्यांत शेवटी. हा क्रम बरोबरच आहे. सेसना 152 चं इंजिन बंद पडलं तर साधारण 60 नॉटचा वेग राखायचा. जमिनीपासून हजार फूट उंचीवरून ते फार तर अडीच-पावणेतीन किलोमीटर तरंगत जाईल. तेवढ्यात वारा बघायचा, उसाचा फड आणि विजेच्या तारा टाळून मोकळं रान निवडायचं, इंधनाचा कॉक तपासायचा, इंजिन पुन्हा सुरू होतंय का पाहायचं. बोलायला उरतात काही सेकंद. म्हणूनच ‘मेडे’चं, म्हणजे आणीबाणी जाहीर करणारं, वाक्य तोंडात तयार हवं, ते जुळवण्यात डोकं अडकता कामा नये. न्यूयॉर्कजवळ 25 जानेवारी 1990 रोजी आव्हियांका कंपनीचं विमान इंधन संपून पडलं आणि 73 जण गेले. इंधन संपत आलंय असं सहवैमानिकाने नियंत्रकांना सांगितलं होतं, पण आणीबाणी जाहीर करणारा शब्द उच्चारला नव्हता. कॅप्टनने स्पॅनिशमध्ये तसं सांगायला सांगूनही तो शब्द इंग्रजीत पुढे गेला नाही.

परक्या भाषेत अडचण कबूल करायला जीभ अडखळते, आणि ही गोष्ट मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींना थेट लागू पडते. त्यांचं इंग्रजी कच्चं म्हणून त्यांना मागे ठेवा, असा याचा अर्थ नाही. रेडिओची भाषा म्हणजे मोजके ठरलेले शब्द. इंग्रजी बोलण्यात सफाई असलेला शहरी मुलगाही तिथे पाल्हाळ लावतो आणि फ्रिक्वेन्सी अडवून ठेवतो. रेडिओ टेलिफोनीची परीक्षा असते, पण एकदा उत्तीर्ण झाल्यावर सवय सैल पडते. संस्थांनी रोजची बोलणी ध्वनिमुद्रित करून उड्डाणानंतरच्या चर्चेत मुलांना ऐकवावीत. कोणाचा कॉल उशिरा आला, कोणी उंची सांगितली नाही, कोणी दुसऱ्याच्या बोलण्यावर बटण दाबलं, हे तिथे लगेच कळेल. मनसोक्त हसायलाही तीच जागा योग्य. महासंचालनालयाच्या तपासणी पथकाने विमानांच्या नोंदवह्यांबरोबर हे ध्वनिमुद्रणही मागायला सुरुवात करावी. त्यासाठी लागणारा खर्च एका विमानाच्या दुरुस्तीपुढे किरकोळ आहे.