कॅनडात दुकानात किंवा सिनेगॉगात उघडपणे बंदूक बाळगता येते का?



कॅनडात मुला-नातवंडांकडे गेलेल्या आपल्या वडीलधाऱ्या मंडळींना एक गोष्ट चटकन जाणवते. इस्रायलमध्ये कनियोनच्या दारात कमरेला पिस्तूल लावलेला शोमेर असतो. मुंबईत बँकेच्या दारात दुनळी बंदूक घेतलेला रखवालदार आपण वर्षानुवर्षे पाहिला. टोरांटोच्या मॉलमध्ये असे सहसा कोणी दिसत नाही. मग प्रश्न येतो: दुकान आपले, जागा आपली, तर मालकाने पिस्तूल लावले तर हरकत काय?

हरकत आहे, आणि मोठी आहे. शेजारच्या अमेरिकेत अनेक राज्यांत उघडपणे बंदूक बाळगता येते. दुकानदाराला नको असेल तर तो मनाई करू शकतो. कॅनडात मालकाची परवानगी पुरेशी नाही. बंदुकांचा कायदा तेथे साऱ्या देशाला एकच आहे. शस्त्र बाळगणे हा घटनेने दिलेला हक्क नाही, हे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली हॅसलवँडर खटल्यात स्पष्ट केले.

१९९५ च्या कायद्याप्रमाणे पिस्तूल हे निर्बंधित किंवा बंदी असलेल्या वर्गात मोडते. ते नोंदणीत लिहिलेल्या घरातच, गोळ्या काढून, कुलूपबंद ठेवायचे. नेमबाजीच्या मैदानावर न्यायचे तरी वेगळी परवानगी आणि कुलूप लावलेली पेटी हवी. अंगावर बाळगण्याचा परवाना फार थोड्यांना मिळतो: उदाहरणार्थ, पैशांची गाडी नेणारे पहारेकरी, किंवा दूर रानात हिंस्र जनावरांच्या भागात काम करणारे. जिवाला धोका असून पोलिसांचे संरक्षण पुरणार नाही, असे सिद्ध झाले तरच इतरांचा विचार होतो. त्यातच २१ ऑक्टोबर २०२२ पासून सामान्य माणसाला पिस्तूल विकत घेणेही बंद झाले आहे.

शिकारीच्या लांब बंदुकीचे नियम थोडे सैल आहेत, पण जेथे कायद्याने गोळी झाडता येते तेथेच ती भरता येते. म्हणजे गल्ल्याखाली भरलेली बंदूक ठेवणे हा गुन्हाच. लोकांची शांतता धोक्यात आणण्याच्या हेतूने शस्त्र बाळगल्यास दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हल्ला झाल्यास वाजवी बळ वापरून स्वतःचा बचाव करता येतो, पण त्यामुळे बंदूक जवळ ठेवण्याचा परवाना मिळत नाही.

हा प्रश्न आपल्या काळजीचा आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये माँट्रियलच्या दोन ज्यू शाळांवर आणि मे २०२४ मध्ये टोरांटोच्या एका ज्यू मुलींच्या शाळेवर गोळ्या झाडल्या गेल्या. सुदैवाने कोणी जखमी झाले नाही. अशा बातम्या ऐकून कोणी म्हणते, आपल्यातल्याच चार माणसांनी दारात बंदुका घेऊन उभे राहावे. हे करू नये. आपलीच माणसे तुरुंगात जातील. तेथील रीत वेगळी आहे. सणाच्या दिवशी पैसे भरून पोलीस शिपाई बोलावता येतो. त्याच्याकडे शस्त्र असतेच. खाजगी रखवालदार बहुधा निःशस्त्र असतात. कॅमेरे, भक्कम दारे यांसाठी केंद्र सरकार २००७ पासून धार्मिक संस्थांना मदत देत आले आहे. त्यासाठी सिनेगॉगच्या समितीने अर्ज करावा.

प्रवासाला निघणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. इस्रायलचा रिशायोन नेशेक कॅनडात चालत नाही. आणि पर्समधला गॅझ पिलपेल घरीच ठेवावा; माणसांवर वापरण्यासाठी केलेला असा फवारा तेथे बंदी असलेल्या शस्त्रांत मोडतो. दुकानात कोणाच्या हाती बंदूक दिसली तर वाद घालू नये, निमूट बाहेर पडावे आणि ९११ वर फोन करावा.