चातकाचा वारा

जूनमध्ये नागपूरच्या गोरेवाड्याच्या झुडपांतून चातकाची मंजुळ शीळ ऐकू आली की पाऊस जवळ आला असे समजावे. जवळच्या रामटेकशी जोडलेल्या 'मेघदूता'तही ढगासोबत हा पक्षी आहे, आणि ते निरीक्षण शास्त्रालाही धरून आहे. मध्य आणि उत्तर भारतात येणारे चातक आफ्रिकेकडून अरबी समुद्र ओलांडतात, तेही नैर्ऋत्य मोसमी वारा पाठीशी घेऊन. ऑक्टोबरपर्यंत वाऱ्याची दिशा उलटते आणि ते परततात. दक्षिण भारतातले चातक मात्र बारमाही तिथलेच.

म्हणजे या पक्ष्याचा प्रदेश वारा आणि पाऊस मिळून आखतात. 2020 मध्ये देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने दोन चातकांना उपग्रह-टॅग लावले ते याच प्रवासाचा आणि हवामानबदलाचा संबंध तपासायला. अरबी समुद्र तापतो आहे, पाऊस लहरी झाला आहे. चातक घरटे बांधत नाही, सातभाईच्या घरट्यात अंडी घालतो. पाऊस लांबला, अळ्या-किडे उशिरा आले आणि सातभाईंची वीण पुढे सरकली, तर वेळेवर पोहोचलेल्या चातकाला घरटेच मिळणार नाही. मला खरी काळजी वाटते ती या चुकामुकीची. म्हणून पहिली शीळ ऐकाल तो दिवस वहीत टिपून ठेवा, दरवर्षी.